हाली नोट जपली म्हणून कुणी निजामाचा होत नसतो

हाली नोटेचा फोटो टाकला की खाली दोनच प्रकारच्या कमेंट येतात. पहिली : "निजामाचा एवढाच पुळका असेल तर हैदराबादला जाऊन राहा." दुसरी : "दादा, किती लाखाला जाईल?"

दोन्हींना आज एकदाच उत्तर देतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी हाली म्हणजे काय ते सांगतो, कारण तिशीच्या आतल्या पोरांना हा शब्दच माहीत नसतो. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथला रुपया वेगळा. सरकारी नाव उस्मानिया सिक्का, लोकांच्या तोंडात हाली. इंग्रजांचा रुपया तो कलदार. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला. इंग्रजांनी १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि १९१८ साली निजामानं स्वतःचा चलन कायदा करून दहा आणि शंभरच्या नोटा आणल्या. पुढच्या वर्षी एक आणि पाचच्या आल्या, १९२६ ला हजाराची. आधी छपाई विलायतेत, नंतर आपल्या नाशिकच्या छापखान्यात. म्हणजे पंचम जॉर्जची नोट आणि निजामाची नोट, दोन्ही नाशिकातूनच बाहेर पडायच्या.

(जाता जाता : १९२२ ला 'इजिप्त' नावाचं जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडालं. सोन्याचांदीबरोबर त्यात निजामासाठी छापलेल्या नोटाही होत्या. दहा वर्षांनी पाणबुड्यांनी सोनं काढायला सुरुवात केली तेव्हा त्या नोटाही वर आल्या. आज त्या संग्राहकांकडे आहेत.)

आता पहिल्या कमेंटवाल्यांसाठी.

भाऊ, ती नोट एकदा नीट हातात घेऊन बघ. उर्दूबरोबर तिच्यावर मराठी आहे, तेलुगू आहे, कन्नड आहे. ज्या १९१८ साली हे राज्य उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ उभं करत होतं, त्याच साली ते नोटेवर मराठी छापत होतं. का? मराठीवर प्रेम होतं म्हणून नाही. महसूल भरणारा मराठी होता म्हणून. पोराला शिकवताना उर्दू आणि पैसे घेताना मराठी, हे अख्खं राजकारण त्या एका कागदावर आहे. तू तो कागद जाळायला सांगतोस. मग तुझ्या पोराला पुरावा म्हणून काय दाखवणार, व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड?

दुसरं. शंभर कलदार हवे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागायचे. हा सरकारी भाव. आपल्याकडून रेल्वेनं मनमाडला उतरलं की इंग्रजी हद्द लागायची. माल घेऊन जाणाऱ्याला मधे करोडगिरीचा नाका, पुढे चलनाची अदलाबदल. सराफ त्यात काय काढायचा ते सराफालाच ठाऊक. म्हाताऱ्या माणसांना विचारा (आता फार राहिली नाहीत), "हालीत का कलदारात?" हा प्रश्न प्रत्येक व्यवहारात असायचा. पारतंत्र्य म्हणजे नुसते रझाकार आणि जाळपोळ नाही. ते हे असं रोजच्या हिशेबातही असतं, आणि ते कुठल्या भाषणात सापडत नाही. नोटेत सापडतं.

तिसरं, आणि हे जरा शांतपणे वाच. १९४७ च्या नोव्हेंबरअखेर जैसे थे करार झाला आणि पाठोपाठ निजाम सरकारनं वटहुकूम काढला की भारतीय चलन संस्थानात कायदेशीर चलन नाही. म्हणजे स्वतंत्र भारताचा रुपया आपल्या गावात चालत नव्हता! आणि ज्यांच्या सह्या हाली नोटांवर आहेत त्यातले एक अर्थमंत्री गुलाम मोहम्मद पुढे १९५१ ला पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. ही सही दाखवून पोराला जे समजावता येतं ते दहा घोषणांनी येत नाही.

आणि उमरी? ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक आपल्या स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजी गेले, म्हणून ती तारीख देशाच्या लक्षात राहिली नाही. वीस लाखांच्या वर रक्कम होती. बँक निजामाच्या राज्यातली, पैसा तिथलाच. त्याच पैशावर सरहद्दीवरचे कॅम्प चालले, आणि हिशेब असा चोख ठेवला की आजच्या पुढाऱ्यांना वाचून घाम फुटावा. मग सांग, तो पैसा निजामाचा का आपला?

पोलीस ॲक्शननंतरही हाली एका रात्रीत मेली नाही. भारतीय रुपयाबरोबर ती चालत राहिली आणि पूर्ण बाद झाली १९५९ ला. म्हणजे मुक्त झालेल्या मराठवाड्यानंही ती अकरा वर्षं खिशात ठेवली. तुला फोटोसुद्धा सोसत नाही.

आता दुसऱ्या कमेंटवाल्यांकडे येतो. यांचा मला जास्त राग येतो, कारण पहिल्याला निदान काहीतरी वाटतं तरी.

लाख-बिख विसरा. हजाराच्या नोटेसारखी दुर्मीळ वस्तू सोडली तर घडी पडलेली, तेल लागलेली एक रुपयाची हाली नोट तुम्हाला बंगला बांधून देत नाही. फेसबुकवर जो "जुनी नोट द्या, लाखो घ्या" म्हणतो, तो आधी रजिस्ट्रेशनचे मागतो, मग जीएसटीचे, मग 'रिझर्व्ह बँकेच्या परवानगी'चे. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेनं स्वतः पत्रक काढून सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही, फी किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तरी लोक पैसे भरतात. रिटायर्ड मास्तर भरतात, राव!

आणि ज्यांना फसवलं जात नाही ते स्वतःच वाट लावतात. नोट धुतात, इस्त्री करतात, लॅमिनेट करतात. लॅमिनेट केलेली नोट संपली, परत येत नाही. भाव जातो ते जाऊ द्या, कागद जातो. जुन्या वाड्यातली ट्रंक भंगारात घालताना वहीखात्यासकट नोटा जातात. पुढे ती नोट कुठल्या तरी लिलावात निघते, पण कुठल्या गावची, कुणाच्या घरातली, कशाचे पैसे होते, हे पुसलं गेलेलं असतं. नुसती नोट कुठेही मिळेल. आजीनं ती कापूस विकून बाजूला ठेवलेली असते, ही गोष्ट फक्त तुमच्या घरात मिळते.

सरकारलाही सोडत नाही. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाला २०२३ ला अख्खं मंत्रिमंडळ शहरात बसलं, हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. माझी मागणी एका कपाटाची आहे. सोनेरी महाल असो, महापालिकेचं वस्तुसंग्रहालय असो नाहीतर विद्यापीठाचं, हाली आणि कलदार शेजारीशेजारी ठेवा, खाली मराठीत भाव लिहा, उमरीची गोष्ट लिहा आणि शाळेच्या सहली तिथून न्या. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन करून सगळे दहा वाजता घरी परततात. त्या दिवशी दुपारपर्यंत तरी ते कपाट उघडं ठेवा.

घरात हाली नोट असेल तर प्लास्टिक चिकटवू नका, टेप लावू नका, साध्या कोरड्या पाकिटात ठेवा आणि मागे चिठ्ठी लिहून ठेवा : कुणाची, कुठली, कधीची. कमेंटमध्ये गाव लिहा. फोटो टाकलात तर नंबर झाका. आणि "किती लाखाला" विचारलंत तर ब्लॉक करीन, आधीच सांगतो.