वहींत न लिहिलेला खर्च

आमची धाकटी बहीण घाटकोपरास दिली आहे. असल्फ्याच्या टेकडीखालीं आमच्या दाजींची पिठाची गिरणी आहे. गाळा त्यांच्या वडिलांनीं कापडाच्या गिरणींत पाळ्या करून, पोटाला चिमटा घेऊन घेतलेला. दरसाल मे महिन्याच्या सुट्टींत आम्ही चार दिवस तेथें जाऊन राहतों आणि दाजी आपली वही आमच्यापुढें टाकतात. मास्तर म्हणजे बेरजेचा हक्काचा गडी, अशी त्यांची समजूत. यंदां वही टाकली ती मोठ्या ऐटींत.

“मास्तर, बघा. महिन्याला अठ्ठावन्न हजार जमा. लाईट बिल, दगडाला टाकी, पट्टा, बेरिंग, समदं मिळून वीस. निव्वळ अडतीस हजार! गडी होता तवा पंधरा त्योच न्यायचा. आता पोरगंच बसतंय. आन् गाळा आपला, भाडं कुणाला द्यायचं न्हाई.”

बेरीज चोख होती. तरी ती वही पाहून आम्हांस एक म्हण आठवली : आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. दळणारे दाजी समोर दिसत होते. पीठ खाणारें कुत्रें मात्र कोठें दिसेना. दिसणार कसें? तें वहींत लिहिलेलेंच नव्हतें. आणि ‘पोरगं’ म्हणजे आमचा भाचा. गेल्या वर्षीं तो बारावी झाला, मुलुंडच्या सरकारी आयटीआयमध्यें इलेक्ट्रिशियनच्या वर्गास त्याचें नांव लागलें. दोन वर्षांचें शिक्षण. इतक्यांत गिरणीचा गडी गांवीं निघून गेला आणि दाजींनीं पोराला ‘चार दिवस बस’ म्हणून गिरणीवर बसविलें. ते चार दिवस मे महिन्यापर्यंत संपले नव्हते.

आम्हीं वहीचें मागचें कोरें पान काढलें. पहिली ओळ गाळ्याची. मेट्रोचें स्टेशन जवळ झाल्यापासून ह्या बाजूच्या गाळ्यांस गिऱ्हाईक फार. मोबाईल दुरुस्तीचा एक दुकानदार महिना ३०,००० रुपये भाडें द्यावयास तयार आहे, हें दाजींनींच आदल्या रात्रीं जेवतांना सांगितलें होतें. मग ‘गाळा आपला म्हणून भाडें नाहीं’ हें कसें? जे ३०,००० घरांत यावयाचे ते आले नाहींत, तर ते गेलेच म्हणावयाचे. खिशांतून गेलेला रुपया खळकन वाजतो आणि न आलेला वाजत नाहीं, एवढाच काय तो फरक. दुसरी ओळ दाजींची स्वतःची. दहा तास यंत्रापाशीं उभा राहणारा जाणता मनुष्य दुसऱ्याच्या गिरणीवर गेला तर त्यास १८,००० तरी मिळतील. तिसरी ओळ भाच्याची. गड्याचे १५,००० तेच त्याचे धरले. एकूण ६३,००० रुपयांचा ऐवज घालून दाजी ३८,००० मिळवीत होते आणि त्यास निव्वळ नफा म्हणत होते.

दाजी संतापले. “मास्तर, पन्नाशी उलटली माझी. मला कोण घेणार अठरा हजारांवर? आन् दुसऱ्याच्या दारात हात बांधून उभा ऱ्हाऊ व्हय? हितं मी मालक हाय!”

हें उत्तर आम्हांस खोटें वाटलें नाहीं. जेथें चार पैसे अधिक तेथें धांवत सुटावें, असें अर्थशास्त्र सांगत नाहीं. मालकीचा मान ही खरी वस्तु आहे; ज्यास ती हवी असेल त्यानें ती खुशाल विकत घ्यावी. आम्हीं दाजींचे १८,००० खोडून १०,००० केले. तरीही भाडें आणि ते मिळून ४०,००० होतात. म्हणजे पोरगा फुकट राबूनसुद्धां २,००० कमीच पडतात. हिशेबाचें काम इतकेंच कीं, ह्या मानाची किंमत किती पडते आणि ती भरतो कोण, हें कागदावर दिसावें. येथें ती भाचा भरीत होता, आपल्या उमेदीच्या दोन वर्षांनीं.

दाराशीं डबे भरीत बसलेली बहीण इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “दादा, माझं किती धरलंस?”

आम्हीं पान पाहिलें. तिची ओळच नव्हती. सकाळीं सहापासून डबे उतरविणें, चिठ्ठ्या लावणें, धान्य पाखडून देणें, रात्रीं गाळा झाडणें, आणि ह्याखेरीज घरचा सैंपाक. दुसऱ्यास हिशेब शिकवावयास बसलेले आम्ही, सख्ख्या बहिणीचे कष्ट शून्यांत धरून मोकळे झालों होतों. त्या दिवशीं आमचें जेवण नीट गेलें नाहीं.

आमच्या धंद्याचाही हा दोष आहे. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस नफातोटा शिकविला तो असा : दुकानदार शंभरास घेतो, एकशेवीसास विकतो, नफा वीस. त्याचा दिवस, त्याचा ओटा, त्याची बायको कोणी धरीत नाहीं. हेंच आम्ही वीस वर्षें पोरांकडून घोकवून घेत आलों. आमच्या बहुजन समाजाचे बहुतेक धंदे घरच्या माणसांवर चालतात, शेती तर सगळीच. आणि घरचें माणूस फुकटचें, ही आमची पहिली चूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१८ सालीं हिंदुस्थानांतील लहान शेतांवर निबंध लिहिला, त्यांत हेंच दुखणें उघडें केलें आहे. शेतें लहान म्हणून शेतकरी दरिद्री, तीं जोडा म्हणजे झालें, असें त्या वेळचे पंडित म्हणत. बाबासाहेबांचें म्हणणें असें कीं, शेत लहान कीं मोठें हें नुसत्या एकरांवरून ठरत नाहीं. त्यावर हात किती, भांडवल किती, ह्यांचें प्रमाण पाहावयाचें. जमिनीवर जादा हात निकामी पडून आहेत, त्यांस उद्योगांत काम मिळालें पाहिजे, हें त्यांचें औषध होतें. असल्फ्याच्या गाळ्यांत आम्हीं जें पाहिलें तें ह्याहून निराळें नाहीं : बारा फुटांत तीन माणसें जुंपलेलीं, आणि त्यांतील एकाची खरी जागा मुलुंडास.

ही नजर ज्यांच्यापाशीं होती त्यांनीं तिचा उपयोग कसा केला, हें मुंबईनें पाहिलेंच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले. त्यांचे पुढारी डॉ. दत्ता सामंत ह्याच घाटकोपरचे. येथील खाणकामगारांपासून त्यांच्या कामास आरंभ झाला. दाजींचे वडील त्या संपांत होते. मागणी रास्त होती, ह्याविषयीं आमच्या मनांत आजही शंका नाहीं. परंतु कामगार विचारीत होता, गिरणी उघडणार केव्हां? मालक निराळेंच विचारीत होता : ह्या जमिनीवर गिरणी नसली तर काय काय होऊं शकेल? जुन्या मागांवर पैसा घालण्यापेक्षां जमीन मोकळी होण्यांत लाभ, हा त्याचा हिशेब. १९९१ च्या नियमानें गिरण्यांच्या जमिनींत शहराच्या मोकळ्या जागांस आणि सरकारी घरांस वांटा ठेविला. २००१ सालीं नियम बदलून तो वांटा केवळ आधींच मोकळ्या असलेल्या जागेपुरता उरला. आणि २००६ सालीं सुप्रीम कोर्टानें तो बदल कायम केला. जमिनीवर मनोरे उठले. मालक दुष्ट म्हणून हें झालें, एवढें म्हणून आमचें भागणार नाहीं. त्यास ‘नाहींतर काय?’ हा प्रश्न विचारतां येत होता आणि आम्हांस येत नव्हता.

दाजींचे वडील म्हणत, सहा महिने झाले, मग वर्ष झालें, इतकें सोसलें तें वायां कसें घालवावें, ह्या विचारानें पुढचे महिने निघत गेले. त्यांस नांवें ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमच्या पाटण तालुक्यांतील शेतांत आम्हीं दोन बोअर मारले, दोन्ही कोरडे गेले. तिसरा मारला तो पाणी लागेल अशी खूण दिसली म्हणून नव्हे, तर आधींचा पैसा ‘वसूल’ करावा म्हणून. तोही कोरडा. मेलेल्या बैलाच्या किमतीसाठीं दुसरा बैल विहिरींत ढकलावा, तसला हा प्रकार! पतपेढीचे हप्ते अजून फिटत आहेत.

वेळेचेंही तेंच. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं झगडून १८९० सालीं गिरणी कामगारांस आठवड्याची सुट्टी मिळवून दिली, तेव्हां कष्टकऱ्याच्या दिवसास मोल आहे हें प्रथम मान्य झालें. आज तोच कष्टकरी आपला तास फुंकून टाकतो. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, ११.४ किलोमीटरचा पल्ला, वीस-पंचवीस मिनिटांचें काम. दाजींचा शेजारी अंधेरीस कामास जातो. पंधरा-वीस रुपये वांचवावयास तो बस धरतो आणि साकीनाक्याच्या गर्दींत तासभर अडकतो. त्याच तासांत जादा काम मिळत असेल, तर हें वांचविणें नव्हे. मात्र निवृत्त म्हाताऱ्यानें बसनेंच जावें, त्याचें बरोबर आहे. भाडें तेंच, वाट तीच. परंतु दोघांच्या तासाची किंमत निराळी.

आणि जोखीम? ती तर कोणाच्याच वहींत नसते. घाटकोपराहून मुलुंडास जातांना वाटेंत भांडुप लागतें. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची मुख्य कचेरी तेथें होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं रिझर्व्ह बँकेनें तिच्यावर निर्बंध घातले आणि खातेदारास सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढण्याची मुभा दिली! पुढें मर्यादा वाढविली, पण तोंवर कित्येकांच्या घरचीं लग्नें आणि दवाखाने अडले. बँकेच्या कर्जांचा बहुतेक भाग एचडीआयएल ह्या एकाच बांधकाम कंपनीच्या गटांत गुंतला होता आणि तो हजारों बनावट खात्यांआड दडविला होता. ठेवीदारास हें कळणार कोठून? ज्यांनीं तपासावयाचें त्यांनीं तपासलें नाहीं. तथापि एक गोष्ट ठेवीदाराच्या हातीं होती. ठेवीवरील विम्याची हद्द तेव्हां दर बँकेस एका माणसामागें १ लक्ष रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लक्ष झाली. त्यापलीकडची रक्कम एकाच ठिकाणीं ठेवणें म्हणजे ती आपल्या जबाबदारीवर दुसऱ्याच्या हवालीं करणें. ओळखीचा कारकून, घराजवळची शाखा, थोडें अधिक व्याज, हें सर्व चांगलें. पण त्याच्या समोरच्या बाजूस ही जोखीम लिहावयास हवी होती. जानेवारी २०२२ मध्यें ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली आणि मोठ्या ठेवी दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीनें फेडण्याचें ठरलें. सत्तरीच्या म्हातारीनें तो दहाव्या वर्षाचा रुपया कोठें वटवावा?

असो. दाजींकडून आम्ही निघालों तेव्हां ते आमच्याशीं बोलत नव्हते. परवां भाच्याचा फोन आला. गेल्या वर्षींची जागा गेली ती गेली. त्यानें पुन्हां अर्ज केला आणि मुलुंडासच त्याचें नांव लागलें. गिरणी दाजींनीं सोडली नाहीं, सोडतीलसें वाटतही नाहीं. गाळ्याची रस्त्याकडची बाजू मोबाईलवाल्यास १४,००० रुपयांनीं दिली आहे आणि सकाळच्या गर्दीपुरता ८,००० वर एक पोऱ्या ठेविला आहे. वही आतां बहीण लिहिते. पहिल्या पानावर वरच तिनें स्वतःच्या नांवाची ओळ घातली आणि पुढें १२,००० लिहिले. दाजींनीं तें पाहिलें आणि म्हणाले, “कागदावरच हाय नव्हं? लिही.” बहिणीनें त्याखालीं तारीख घातली आणि दाजींची सही घेतली.