दोर धरा, पण ढील द्या!

दिवाळी आली की अंगणात, नाहीतर जिन्याखाली, मातीचे किल्ले उभे राहतात. आता तर ते बाजारात तयारही मिळतात. माथ्यावर महाराज बसले की आईबाप धन्य होतात. पण त्याच पोराने खरा गड चढायला जातो म्हटले, की त्याच आईबापांच्या पोटात गोळा उठतो! हा कोठला न्याय?

मी कादंबऱ्या लिहितो खरा, पण पेशाने शाळामास्तर. सहलीची चिठ्ठी घरी गेली, की काय उत्तरे येतात ते मला पाठ आहे. ‘पडला तर? वाट चुकली तर? पाऊस आला तर?’ मुलगी असली, तर हे ‘तर’ दुप्पट!

माझे म्हणणे एवढेच, की हे ‘तर’ मास्तरांना नव्हे, पोरांना विचारा. पाऊस आला तर कोठे थांबशील? काळोखापूर्वी उतरायचे, तर किती वाजता निघशील? याची उत्तरे ज्याने शोधली, त्याने निम्मा गड घरीच सर केला.

१६५९ साली महाराज अफझलखानाच्या भेटीला गेले, ते काय नुसती छाती काढून? अंगरख्याखाली चिलखत होते, आणि जावळीच्या रानात मावळे दबा धरून बसले होते. याला साहस म्हणतात. धबधब्याच्या निसरड्या कडेवर उभे राहून मोबाइलने स्वतःचाच फोटो काढणे, हा निव्वळ अविचार. ज्याला साहस कधी शिकवलेच नाही, तो अविचारालाच साहस समजतो. मग दोष कोणाचा?

‘मास्तर, तुमचे काय जाते? जीव आमच्या पोराचा!’ कबूल. म्हणून तर विहिरीवरचे जुने पोहणे आठवा. पोराच्या पाठीला सुका भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचे टोक काठावरच्या काकाच्या मुठीत. हातपाय चालू लागले, की आधी भोपळा सुटे, मग दोर. नुसते ढकलून देणे हे शिकवणे नव्हे. तसे विहिरीवर झाकण घालणे हेही नव्हे.

आणि माघार घेणेही शिकवा. २६ मे १९५३ रोजी बूर्डिलन आणि एव्हान्स एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर पोचले. माथा समोर दिसत होता. पण प्राणवायूचा आणि वेळेचा हिशेब जमेना, तसे ते परत फिरले. तीन दिवसांनी त्याच तुकडीतले तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर उभे राहिले. जग या दोघांना ओळखते. वर्गात मी मात्र परतलेल्या दोघांची गोष्ट आधी सांगतो. कोठून परतायचे हे ज्याला कळते, त्यालाच बेधडक पुढे धाडता येते.

तेव्हा आईबापांनो, फराळ झाला की पोरांना जवळ बसवा आणि विचारा, ‘यंदा कोठला गड?’ बेत त्यांना आखू द्या, चुका तुम्ही दाखवा. दोर हातचा सोडू नका. पण एवढा आवळूही नका, की पोराला पाण्यात हातच मारता येऊ नये!