खाटेवर स्नायू बरा होत नाही

“स्नायूंना दाह आहे ना? मग गोळ्या घ्या आणि पडून राहा. व्यायाम केलात तर सीपीके वाढेल, उरलेसुरले तंतूही फाटतील. थकवा हा शरीराने दिलेला इशाराच आहे.” मायोसायटिसच्या, म्हणजे स्नायुदाहाच्या, रुग्णांपुढे परवा एका वक्त्यांनी हे ठासून सांगितले. बिचारे नातेवाईक ते लिहून घेत होते!

सीपीके म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम; त्याची भीती जुनी आहे. १९९८ साली व्हिएन्नात अशा रुग्णांनी सहा आठवडे सायकल आणि स्टेप एरोबिक्स केले. ताकद वाढली, आजार उसळला नाही.

थकव्याचा मुद्दा मात्र सोडून देता येत नाही, कारण रुग्ण फसतो तो तिथेच. डर्मॅटोमायोसायटिस या मायोसायटिसच्या प्रकारात स्नायूंतल्या केशवाहिन्याच कमी होतात. ऑक्सिजन अपुरा पडतो, पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया क्षीण होतात आणि थोड्याशा श्रमानेही लॅक्टेट साचते. स्टेरॉइडने दाह उतरतो, पण मोठी मात्रा दीर्घकाळ चालली की तेच औषध मांड्या-दंड झिजवते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आलेली बाईसुद्धा मोरीतल्या पाटावरून उठताना आधी नळ धरते, मग भिंतीला तळवा लावते आणि तरी अर्ध्यातच खाली बसते. तिच्या या थकव्याला इशारा म्हणून तिला पुन्हा खाटेवर धाडायचे? पडून राहिल्याने तर मायटोकॉन्ड्रिया आणखी घटतात. स्वीडनमध्ये जुन्या रुग्णांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, तासभर व्यायाम केला. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढली आणि बायोप्सीत ऊर्जा तयार करणारी एन्झाइमेही अधिक सक्रिय दिसली. वक्त्यांनी यातले एक अक्षर काढले नाही.

हृदयविकाराचा झटका आलेल्यांनाही एके काळी आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. तेव्हाही विरोध करणाऱ्याला बेजबाबदार ठरवले जाई. आज त्याच रुग्णांना लवकरात लवकर चालवतात.

आजार तीव्र असताना वजने उचलायला कोणी सांगत नाही. हृदय आणि फुफ्फुसे तपासून, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलक्या हालचालींनी सुरुवात करावी आणि आजार आटोक्यात येईल तसा जोर वाढवावा. प्रिस्क्रिप्शनवर स्टेरॉइडच्या मात्रेखाली व्यायामाचीही मात्रा लिहिलेली असावी. आणि तपासणीच्या दिवशी सीपीकेबरोबर, हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येते, हेही मोजावे.