रेशीमगाठी

रेशमाशी माझा संबंध आजवर दोनच प्रसंगी आला: लग्नात सोवळे नेसताना आणि दर दिवाळीला पैठणीच्या किमती ऐकताना. यंदा त्यात तिसऱ्याची भर पडली, ती आमच्या भाचीमुळे.

सुटीत ती आईवडिलांसह आली, तेव्हा तिच्या पिशवीतून रेशमाच्या कोशांची पुडी निघाली.

"काय गं, रुखवताची तयारी वाटतं?" मी विचारले.

"नाही मामा, कंडरा जोडायची!"

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. सुश्रुताने अशा सोळा मोजल्या आहेत, एवढेच मला ठाऊक. टाचेमागच्या जाड कंडरेला आमची आजी धोंडशीर म्हणे. नेमकी तीच आमच्या मेहुण्यांची गेल्या हिवाळ्यात बॅडमिंटन खेळताना तुटली. शस्त्रक्रिया झाली, पण पाय अजून लंगडतो.

भाचीने मग माझी शिकवणी घेतली. कंडरेला रक्तपुरवठा बेताचा, म्हणून ती सावकाश जुळते. मूळचे कोलॅजेनचे तंतू शिस्तीने एका दिशेला बसलेले असतात. व्रणातले मात्र विस्कटलेले. रेशमाच्या धाग्यात फायब्रॉईनचा गाभा आणि वर सेरिसिनचा डिंक. शरीर या डिंकावर रुसते, म्हणून सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढायचा. मग धाग्यांना पीळ घालून दोरी करायची आणि तिच्यावर पेशी वाढवायच्या. पेशी आपले कोलॅजेन विणतात. रेशीम हळूहळू विरून जाते. २००२ साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी गुडघ्यातील अस्थिबंधासाठी अशी रेशमी दोरी मांडली होती.

रात्री पानावर मेहुण्यांनी विचारले, "मग आमच्या टाचेत तुझी दोरी कधी?"

भाचीने घास खाली ठेवला. "तुमच्या टाचेत नाही, बाबा. आम्ही अजून ती यंत्रावर ताणूनच बघतोय. पुष्कळदा तुटते."

"अगं, बापाला इतकं स्पष्ट सांगायलाच हवं का?" बहीण म्हणाली.

"सांगू दे," मेहुणे म्हणाले. "खरं बोलायला मीच शिकवलंय तिला." पण त्यांनी पुढे भात घेतला नाही.

पहाटे खुडबुड ऐकून मी उठलो. मला दाखवायचे म्हणून भाचीने गॅसवर कोश उकळत ठेवले होते. शेजारी मेहुणे एका पायावर भार देऊन उभे होते आणि हातातल्या घड्याळात मिनिटे मोजत होते.