स्वस्त बाबागाडीच्या बाजूने

मराठी मध्यमवर्ग ज्या थोड्या वस्तूंकडे एकाच वेळी तुच्छतेने आणि लालसेने पाहतो, त्यांत बाबागाडीचा क्रमांक बराच वरचा लागावा. ज्यांच्या घरी ती नाही ते तिला 'फॉरेनचं खूळ' म्हणतात. ज्यांच्या घरी आहे, त्यांच्याकडे ती बहुधा चपलांच्या कपाटाशेजारी घडी घालून उभी असते आणि तिची किंमत आल्यागेल्याच्या कानावर पडेल अशी चोख व्यवस्था असते. या दोन्ही पक्षांना बाबागाडी ही वस्तू म्हणून दिसतच नाही. एकाला तिच्यात संस्कृतीचा ऱ्हास दिसतो, दुसऱ्याला स्वतःची प्रतिष्ठा. मूल मात्र दोन्ही घरांत कडेवरच असते, आणि ती कड बहुतेक वेळा एकाच व्यक्तीची असते.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे साधे आहे. चांगली आणि परवडणारी बाबागाडी ही चैन नाही. ती निवडणे हे रुचीचे नव्हे, विचाराचे काम आहे, आणि तो विचार न करण्यासाठी आपण कधी परंपरेचा तर कधी किमतीचा आडोसा घेतो.

आधी परंपरेचा समाचार घेऊ. "आमच्या वेळी कुठे होत्या गाड्या? पोरं कडेवरच वाढली" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे व्याकरण कुणी तपासत नाही. 'पोरं वाढली' या अकर्मक क्रियापदाच्या आड एक माणूस दडवलेले आहे. पोरे आपोआप वाढली नाहीत, कुणीतरी ती वाढवली. ज्या कडेवर ती वाढली, ती आईची होती, आजीची होती, आणि अनेक घरांत आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीची होती. धाकटे भावंड सांभाळायला म्हणून शाळेतून घरी बसवलेल्या मुलींची गणती कुठल्याच स्मरणरंजनात होत नाही. मुलाला अंगाशी धरण्यातली ऊब कुणी नाकारत नाही. पहिल्या काही महिन्यांत तर झोळीसारखे दुसरे साधन नाही. पण नऊ-दहा किलोचे मूल आणि भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या, सिझेरियनमधून नुकत्याच सावरलेल्या बाईला 'ऊब' ऐकवणे याला संस्कृतिरक्षण म्हणत नाहीत. दुसऱ्याच्या कंबरेवर आपला अभिमान मिरवणे म्हणतात.

बाबागाडी ही साहेबाची, हा आक्षेपही अर्धाच खरा. तिचा उगम खानदानी आहे, हे मान्य. १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी बनवली. ती ओढायला बकरी किंवा छोटे तट्टू जुंपायचे होते. आपल्याकडे ती आली ती छावण्यांतून आणि बंगल्यांतून, आयांच्या हातून. 'बाबागाडी'तल्या 'बाबा'त साहेबाच्या घरच्या 'बाबालोगां'चाही अंश असावा. पण वस्तूंचा इतिहास त्यांच्या जन्मापाशी थांबत नाही. १९६५ साली ओवेन मॅक्लॅरन या निवृत्त ब्रिटिश अभियंत्याने एका नव्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या घडीच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा माणूस. नातवंडाच्या अवजड गाडीशी मुलीची चाललेली झटापट त्याने पाहिली आणि विमानाला लावलेली अक्कल बाबागाडीला लावली. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पट्ट्याचे कापड, छत्रीसारखी मिटणारी घडी आणि वजन सुमारे तीन किलो! बकरीने ओढायची गाडी एका हातात लटकवून बसमध्ये चढता येऊ लागली. ड्यूकच्या अंगणातली चीज सामान्य माणसाच्या जिन्याखाली मावली ती या दिवशी. तेव्हा हलकी, घडीची, बेताच्या किमतीची गाडी म्हणजे महागड्या गाडीची गरीब नक्कल नव्हे. या वस्तूच्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध तोच आहे.

आता दुसरा पक्ष. बाजारात तीन-चार हजारांपासून पन्नास हजारांच्याही वर बाबागाड्या मिळतात, आणि 'मुलाच्या बाबतीत तडजोड नको' हे एक वाक्य ग्राहकाला पहिल्या आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत अलगद वाहून नेते. या वाक्यात तर्क नाही, धमकी आहे. स्वस्त घ्याल तर तुमचे प्रेम कमी, असा तिचा मथितार्थ. मग चहाचा पेला ठेवायची खोबण, मोबाइलची खुंटी, कातडी वेष्टनाची दांडी, चित्त्याच्या ठिपक्यांचे कापड हे सगळे 'गुणवत्ता' या नावाने विकले जाते. यांतले काहीही मुलासाठी नाही, हे सांगायलाच हवे काय?

किंमत आणि नाममुद्रा ही सुरक्षिततेची हमी नाही याचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. ज्या मॅक्लॅरनचे कौतुक वर केले, त्याच नावाच्या कंपनीला नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांबाबत जाहीर सूचना काढावी लागली. घडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या बारा तक्रारी तिथे नोंदल्या गेल्या होत्या. त्यावरचा उपाय होता बिजागरीवर चढवायचे आवरण. दोष पैशाचा नव्हता, एका सांध्याचा होता. म्हणून गाडी घेताना आधी सांधे पाहावेत आणि मग किमतीची चिठ्ठी.

आपल्याकडची गंमत आणखी वेगळी. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. चांगले झाले. पण तो आदेश खेळण्यांपुरता आहे. म्हणजे बाहुलीला बसवून फिरवायची चिमुकली गाडी या सक्तीत येते, आणि खऱ्या मुलाला बसवायची गाडी, ती खेळणे नसल्यामुळे, येत नाही! अशा वेळी पारख करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच येऊन पडते. ती त्याने जाहिरातीवर सोपवू नये, इतकेच मागणे आहे.

पारख म्हणजे काय? आपण तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरून पाहतो, माठ घेताना टिचकी मारतो. बाबागाडी मात्र चित्र पाहून मागवतो. दुकानात जावे, दहा किलो तांदळाची पिशवी गाडीत बसवावी, पट्टे आवळावे आणि एका हाताने गाडी ढकलावी. ती सरळ चालते की एका बाजूला ओढते, दांडी आपल्या उंचीला पुरते की वाकावे लागते, हे दोन मिनिटांत कळते. ब्रेक लावून उतारावर उभी करावी. पायाच्या एकाच दाबाने मागची दोन्ही चाके जखडली गेली तर उत्तम. घडी उघडल्यावर ती अचानक मिटू नये म्हणून दुसरी कडी आहे का, ते पाहावे. पट्टे पाच ठिकाणी बांधणारे असावेत: दोन खांद्यांवरून, दोन कंबरेवरून, एक मांड्यांमधून. नुसता कंबरपट्टा मुलाला खाली घसरण्यापासून वाचवत नाही. दांडीला जड पिशव्या टांगल्या की हलकी गाडी मागे कलंडते, म्हणून सामानाची टोपली खाली, चाकांच्या मध्ये हवी.

नवजात मुलाची गोष्ट निराळी. मान न धरणाऱ्या बाळाला ताठ बसवले तर डोके छातीवर पडते आणि श्वासमार्ग दबतो. म्हणून साधारण सहा महिन्यांपर्यंत पाठ जवळजवळ आडवी होणारी गाडी हवी. युरोपीय मानकात यासाठी बैठक आणि पाठ यांत किमान १५० अंशांचा कोन सांगितला आहे. अशी गाडी परवडत नसेल तर सहा महिने थांबावे आणि मग साधी घडीची गाडी घ्यावी. तोवर झोळी आहेच. 'जन्मापासून' वापरता येणारी गाडी घेतलीच पाहिजे, हा हट्ट विक्रेत्याचा आहे, बाळाचा नव्हे.

आणि ऊन. गाडीवर सुती दुपटे टाकले की बाळ सावलीत सुखाने झोपते, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. २०२३ साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासले. कोरड्या कापडाने गाडीच्या आतले तापमान वाढले. तेच कापड ओले करून जोडीला छोटा पंखा लावला तेव्हा ते उतरले. विदर्भात ज्यांनी वाळ्याच्या ओल्या ताट्यांमागे उन्हाळे काढले त्यांना यात नवल वाटणार नाही. मुद्दा हा की गाडीला हवा खेळू देणारी जाळी आणि खोल टप हवा. त्याला पैसे थोडे लागतात, लक्ष जास्त लागते.

मुलाचे तोंड कुणाकडे असावे, हा प्रश्न तर भाषेच्या अभ्यासकांनी विचारावा असा आहे. २००८ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझान झीडिक यांनी रस्त्यांवरच्या अडीच हजारांहून अधिक पालक-बालक जोड्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. मूल पालकाकडे तोंड करून बसले असेल तर पालक त्याच्याशी सुमारे दुप्पट प्रमाणात बोलताना आढळले. तोंडे फिरवता येणारी गाडी महाग असते, हे खरे. पण ती नसेल तर थांबावे, गाडीपुढे उकिडवे बसावे, समोरची म्हैस दाखवावी, तिच्याबद्दल दोन वाक्ये बोलावी. मातृभाषेच्या काळजीने परिसंवाद भरवणाऱ्यांनी हा बिनखर्ची उपक्रम ध्यानात घ्यावा. आणि चाळीस हजारांच्या गाडीमागे चालताना ज्यांचे डोळे मोबाइलवर आहेत, त्यांच्या मुलाचे तोंड कुठेही असले तरी फरक पडत नाही.

एवढे सगळे झाल्यावर एक शहाणा माणूस हमखास उठतो आणि म्हणतो, "पण आपल्याकडे रस्ते कुठे आहेत?" हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच त्याचा निष्कर्ष खोटा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंचीची कड सांगितली आहे. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ त्याच सुमाराचे. बाकीच्या पुण्याचे पदपथ ज्यांनी पायांनी अनुभवले आहेत त्यांना धोरण आणि फरशी यांतले अंतर सांगायला नको. मुंबईत २००८ पासून आकाशमार्ग उभे राहिले, आणि बहुतेकांच्या तोंडाशी उभा जिना. आयझेनस्टाइनच्या १९२५ सालच्या चित्रपटात ओडेसाच्या पायऱ्यांवरून एकटी घरंगळत जाणारी बाबागाडी जागतिक सिनेमाची प्रतिमा झाली. आपल्याकडे तीच गाडी रोज पायऱ्यांच्या तळाशी थांबते, आणि कुणाला त्यात नाट्य दिसत नाही.

पदपथावर वाहने चढू नयेत म्हणून मुंबईत खुंट ठोकले गेले, आणि त्यांतून चाकाची खुर्चीही जाईना. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. चाकाची खुर्ची आणि बाबागाडी यांची मागणी एकच आहे: एक उतार आणि वाटेत काही नको. ही मागणी घरात बसून पुरी होत नाही. ज्या रस्त्यावर कुणी गाडी ढकलताना दिसतच नाही, त्या रस्त्याला उतार करावा असे कुठल्या अभियंत्याला वाटेल? रस्ते नाहीत म्हणून गाडी नको, हे म्हणणे शाळा नाही म्हणून पाटी नको म्हणण्यासारखे आहे.

तोवर रस्ता आहे तसा आहे, आणि गाडी निवडताना तोच आरसा समोर धरावा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहता? मग सहा-सात किलोंच्या वर जाऊ नका. लोकलने, रिक्षाने फिरता? मग एका हाताने मिटणारी घडी ही चैन नाही, कारण दुसऱ्या हातात मूल असणार. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक उखडलेले आहेत? मग छोटी जुळी चाके त्या फटींत अडकतील. मोठी, आणि पुढची सरळ जखडता येणारी चाके पाहा. प्रत्येक गुण एकाच गाडीत मिळणार नाही. निवड या शब्दाचा अर्थच मुळी काहीतरी सोडणे असा आहे. सोडायचे ते शोभेतले सोडावे, ब्रेक आणि पट्ट्यांतले नव्हे.

मूल दोन-अडीच वर्षांत गाडीतून उतरते आणि गाडी तशीच धडधाकट उरते. वापरलेली गाडी मागून घ्यायला आपल्याला संकोच वाटतो. भावंडांचे झबले-टोपडे, शेजारचा पाळणा, मावसभावाची तीनचाकी सायकल यांवर वाढलेल्या समाजाला हा संकोच नेमका कुणी शिकवला, याचा विचार करावा. पट्टे, ब्रेक, सांधे तपासून घेतलेली जुनी गाडी ही शोरूममधल्या न तपासलेल्या नव्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

राहता राहिला शब्द. 'बाबा' म्हणजे लहान मूल, आणि आजच्या मराठीत 'बाबा' म्हणजे वडीलही. कडेवरच्या संस्कृतीत या दुसऱ्या बाबांना बहुधा काम नव्हते. ते दोन पावले पुढे, हात मागे बांधून चालत. ढकलायच्या दांडीला मात्र स्त्रीची कड लागत नाही, दोन हात पुरतात. तेव्हा बाबागाडी हा षष्ठी तत्पुरुष दुसऱ्या अर्थानेही सोडवून पाहायला हरकत नसावी. गाडी पाच हजारांची असली तरी चालेल. सोडवणाऱ्याने ती संध्याकाळी स्वतः रस्त्यावर काढावी.