कोंडा नव्हे, इसबगोल

विरारहून सकाळची चर्चगेट लोकल पकडायची, तर शौचाला निवांत बसायला वेळ मिळत नाही. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणीही कमी प्यायले जाते. बद्धकोष्ठाबरोबर पोट वारंवार दुखत, फुगत असेल तर तो ‘आयबीएस’ असू शकतो. अशांना ‘कोंडा खा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो बदलायला हवा.

नेदरलँड्समध्ये आयबीएसच्या २७५ रुग्णांपैकी एका गटाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला कोंडा, तिसऱ्याला तांदळाचे पीठ दिले गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इसबगोलाने त्रास कमी झाला. कोंड्याने अनेकांचा वाढला. इसबगोल पाणी धरून मल मऊ करते. कोंडा विरघळत नाही.

सुरुवात एका लहान चमच्याने, ग्लासभर पाण्यातून करावी आणि प्रमाण हळूहळू वाढवावे. न्याहारीनंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते. ती दहा मिनिटे राखून ठेवा, मग एक गाडी सुटली तरी चालेल. मात्र शौचातून रक्त जात असेल, विनाकारण वजन घटत असेल किंवा त्रास पन्नाशीनंतर सुरू झाला असेल, तर घरगुती उपाय थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.