लग्नाला डोंगर हवा, पण आधी कायदा हवा

मध्यंतरी एका जुन्या अशिलाचा फोन आला. त्यांचा मुलगा अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात नोकरीला आहे. मुलगी त्याच्याच कार्यालयातली, दुसऱ्या जातीची. दोघेही सज्ञान, दोघेही कमावते. त्यांनी ठरवले आहे की हॉल नको, मांडव नको, मानपान नको. शेनान्डोआ नावाच्या डोंगरी राष्ट्रीय उद्यानात दोन-चार माणसे घेऊन जायचे आणि उघड्या आकाशाखाली लग्न लावायचे. याला तिकडे ‘इलोपमेंट’ म्हणतात. अशिलाने शब्दकोशात अर्थ पाहिला, तर ‘पळून जाणे’ असा निघाला. बिचारे हादरले. म्हणाले, “वकीलसाहेब, पोरगं पळून जातंय म्हणतंय. आणि पळून कुठे जाऊ, हे आम्हालाच विचारतंय!”

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. आपल्याकडे मुलगा-मुलगी पळून जातात तेव्हा जागा निवडताना एकच प्रश्न असतो : मुलीचे भाऊ तिथपर्यंत किती वेळात पोहोचतील? अमेरिकेतले जोडपे आज जागा निवडताना विचारते : सूर्योदय कुठून चांगला दिसेल? शब्द एकच, पण दोन प्रश्नांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे अंतर निसर्गाने निर्माण केलेले नाही. ते कायद्याने आणि संघर्षाने निर्माण झाले आहे. ते नेमके कसे, हे आंबेडकरी चळवळीच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. शेनान्डोआ उद्यान वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेला सुमारे ७५ मैलांवर, ब्लू रिज पर्वतरांगेत आहे. रांगेच्या कण्यावरून १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता जातो. रस्त्याच्या कडेला जागोजागी दरीकडे तोंड केलेले सज्जे आहेत. पूर्वेकडच्या सज्ज्यांवरून सूर्योदय दिसतो, पश्चिमेकडच्या सज्ज्यांवरून शेनान्डोआच्या खोऱ्यावरचा सूर्यास्त. तेव्हा आधी वेळ ठरवावी, मग दिशा आणि मग जागा. सकाळी लग्न लावायचे असेल तर ३३व्या मैलाजवळचा हेझल माउंटनचा सज्जा आहे. तिथे पूर्वेकडे तोंड करून उभे राहता येईल असे मोठे खडक आहेत. थोडे चालायची तयारी असेल तर ४,०११ फूट उंचीचा स्टोनी मॅन आहे. बरोबर म्हातारे आईवडील असतील, कोणी चाकाच्या खुर्चीवर असेल, तर कड्याचा हट्ट सोडावा. ४३व्या मैलाजवळची लिंबरलॉस्टची सपाट वाट अशांसाठीच केलेली आहे. ५१व्या मैलावरचे बिग मेडोज हे मोकळे कुरण फोटोला उत्तम, पण तिथे वाऱ्याला आडोसा नाही. ऑक्टोबरात झाडांची पाने रंग बदलतात तेव्हा गर्दी उसळते. म्हणून शनिवार-रविवार टाळावा. हिवाळ्यात बर्फ पडले की रस्ताच बंद होतो. धुके केव्हा उतरेल याचा भरवसा नाही, म्हणून दुसरी एक जागा मनाशी ठरवून ठेवावी.

उद्यानात लग्न लावायला आगाऊ अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. परवाना मिळाला म्हणून सज्जा तुमच्या मालकीचा होत नाही. इतर लोक येणार, जाणार, थांबणार. अक्षता म्हणून तांदूळ उधळायचे नाहीत, फुलांच्या पाकळ्या टाकायच्या नाहीत, ड्रोन उडवायचा नाही. सरकार विचारते ते एवढेच : तुम्ही किती जण आहात, गाड्या किती, आणि गवत तुडवणार नाही ना?

कागदाची बाजू वेगळी आहे. व्हर्जिनियाच्या कोणत्याही सर्किट कोर्टाच्या क्लर्कच्या कार्यालयात दोघांनी ओळखपत्र घेऊन जावे आणि ३० डॉलर भरून विवाह परवाना घ्यावा. तो ६० दिवस चालतो. घेतल्या दिवशी लग्न लावता येते. तुम्ही त्या राज्याचे रहिवासी नसलात तरी चालते. नोटीस नाही, आक्षेप मागवणे नाही, साक्षीदारांचीही सक्ती नाही. मात्र लग्न लावणारी व्यक्ती त्या राज्याच्या कायद्याने अधिकृत असलीच पाहिजे. आपले भन्तेजी येणार असतील तर त्यांनी आधी सर्किट कोर्टाकडून तसा अधिकार घेतलेला असावा. मित्राने इंटरनेटवरून धर्मगुरूचे प्रमाणपत्र काढले, एवढ्यावर विसंबू नये. लग्न लागल्यावर पाच दिवसांत तो कागद क्लर्ककडे परत गेला पाहिजे. पुढे भारतात उपयोगासाठी प्रमाणित प्रत घ्यावी आणि तिच्यावर अपोस्टिलचा शिक्का मारून घ्यावा. लग्नाची रीत लग्न लागले त्या भूमीच्या कायद्याने तपासली जाते. वय, नाते, पहिला जोडीदार हयात असणे या गोष्टी आपल्या कायद्याने तपासल्या जातात. हे साधारण तत्त्व दोघांनी ध्यानात ठेवावे.

इथवर सगळे सोपे वाटते. पण हा सोपेपणा त्या राज्यात पहिल्यापासून होता का? मुळीच नव्हता.

१९२४ साली व्हर्जिनियाने वंशशुद्धीचा कायदा केला. गोऱ्याचे लग्न गोऱ्याशीच. रक्तात दुसऱ्या वंशाचा थेंबही असला तरी तो माणूस गोरा नव्हे. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारा वॉल्टर प्लेकर नावाचा अधिकारी १९४६पर्यंत त्या खुर्चीवर होता. त्याच डोंगरांच्या आसऱ्याने राहणाऱ्या मोनाकन या मूलनिवासी लोकांची ओळख त्याने सरकारी कागदावरून पुसली आणि त्यांना सरसकट ‘कलर्ड’ ठरवले. खुर्चीवर बसलेला एक कारकून माणसाचा वंश ठरवतो! आपल्याला हे नवे नाही. आपल्याकडे हे काम मनुस्मृतीने केले, तिकडे नोंदवहीने केले.

त्या कायद्याच्या दोन कलमांकडे पाहा. मिश्र लग्न केल्यास एक ते पाच वर्षे तुरुंग, हे एक कलम. दुसरे कलम आणखी धूर्त होते. राज्याबाहेर जाऊन असे लग्न लावायचे आणि परत येऊन नवरा-बायको म्हणून राहायचे, हाही गुन्हाच. म्हणजे पळून जाऊन लग्न करणे हाच गुन्हा!

याच कलमात रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग सापडले. तो गोरा, गवंडीकाम करणारा. ती कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी वंशाची. जून १९५८ मध्ये दोघे वॉशिंग्टनला गेले आणि लग्न लावून गावी परतले. त्यांनी वॉशिंग्टन निवडले ते तिथल्या देखाव्यासाठी नव्हे. तिथला कायदा आड येत नव्हता म्हणून. पाच आठवड्यांनी रात्री दोनच्या सुमारास शेरीफ घरात घुसला. भिंतीवर लग्नाचे प्रमाणपत्र टांगलेले होते. ते इथे चालत नाही, असे सांगून दोघांना उचलून नेले. जानेवारी १९५९ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. पंचवीस वर्षे दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचे नाही, या अटीवर ती स्थगित केली. देवानेच वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले आहेत, तेव्हा त्यांनी मिसळू नये अशीच त्याची इच्छा आहे, असे न्यायाधीशाने नमूद केले. देवाच्या नावाने भेद टिकवण्याचा हा युक्तिवाद आपण चातुर्वर्ण्याच्या समर्थनात शेकडो वर्षे ऐकत आलो आहोत.

मिल्ड्रेडने १९६३ मध्ये एक साधे पत्र सरकारला लिहिले. त्यातून खटला उभा राहिला. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा मोडीत काढला. त्या दिवशी सोळा राज्यांत असे कायदे जिवंत होते. निकाल लागला म्हणून मन बदलले असेही नाही. २०१९पर्यंत व्हर्जिनियात विवाह परवान्याच्या अर्जावर वंश लिहावा लागत होता. एका काउंटीच्या यादीत दोनशेहून अधिक नावे होती आणि त्यांत ‘आर्यन’सुद्धा होता! काही जोडप्यांनी वंश लिहायला नकार दिला आणि ती कोर्टात गेली. ती अट घटनाबाह्य ठरली आणि २०२० मध्ये कायद्यातूनच गेली. म्हणजे आपल्या अशिलाच्या मुलाला आज जो कोरा, स्वच्छ अर्ज मिळतो तो तसा होऊन फार वर्षे झालेली नाहीत.

आता त्या डोंगराबद्दल. तो तरी सर्वांचा होता का? १९३५ मध्ये उद्यानाची स्थापना झाली. त्यासाठी डोंगरात राहणाऱ्या सुमारे पाचशे गरीब कुटुंबांना घरे सोडावी लागली. जुलै १९३६ मध्ये अध्यक्ष रुझवेल्ट यांनी उद्यानाचे लोकार्पण केले. लोक म्हणजे कोण? कृष्णवर्णीयांसाठी ल्युईस माउंटन ही वेगळी जागा १९३९ मध्ये उघडली. सरकारच्या पैशाने बांधलेल्या उद्यानात सरकारनेच पाडलेला हा वेगळा पाणवठा! १९५०च्या सुमारास हा भेद पुरता संपला. त्यानंतरही सतरा वर्षे त्याच राज्यात मिश्र जोडप्याला लग्न लावता येत नव्हते. एकाच सज्ज्यावर उभे राहून दरी पाहायला मुभा होती, एकमेकांचा हात धरायला नव्हती. चवदार तळ्याचे पाणी प्यायचा हक्क मिळाला म्हणून बेटीव्यवहाराचा प्रश्न सुटला नाही, हे आपण अनुभवले आहे. तेच तिकडे घडले.

आणि आजही तिकडे सारे आलबेल आहे असे समजू नये. राष्ट्रीय उद्यानांत वर्षातले काही दिवस प्रवेश मोफत असतो. २०२६च्या यादीतून मार्टिन ल्यूथर किंग यांचा दिवस आणि गुलामगिरीच्या अंताचा १९ जून हे दोन्ही वगळले गेले. १४ जून हा अध्यक्ष ट्रम्प यांचा वाढदिवस, जो तिथला ध्वजदिनही आहे, यादीत घातला गेला. शिवाय ही मोफत दिवसांची सवलत फक्त अमेरिकेच्या रहिवाशांना ठेवली. १ जानेवारी २०२६पासून गर्दीच्या अकरा उद्यानांत परदेशी पाहुण्यांवर माणशी शंभर डॉलरचा जादा आकार बसवला. शेनान्डोआ त्या अकरांत नाही. पण कोणी रॉकी माउंटन किंवा योसेमिटीचा विचार करत असेल तर नाशिकहून जाणाऱ्या आईवडिलांचा हा खर्च आधी हिशेबात धरावा. सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न एकदा सुटला की कायमचा सुटला असे होत नाही. सत्ता बदलली की फाटकावरची पाटी बदलते.

मग आपण कुठे आहोत? बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचला आणि जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे दाखवून दिले. १९३६ मध्ये त्यांनी जातीअंताचा उपाय म्हणून मिश्रविवाहच सांगितला. आपल्या देशात आंतरजातीय लग्नाला बंदी घालणारा कायदा नाही, उलट सरकार अनुदान देते. पण १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांपैकी एकाला त्या जिल्ह्यात ३० दिवस राहावे लागते. मग नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. तीस दिवस कोणीही येऊन ती वाचू शकतो. ज्यांच्यापासून जीव वाचवायचा त्यांनाच हा कायदा पत्ता देतो! अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि पोलिस कक्षांचे निर्देश दिले. परंतु निकाल वेगळा आणि विवाह अधिकाऱ्याचे टेबल वेगळे, हे कोर्टकचेरीत वावरणारा प्रत्येक वकील जाणतो. व्हर्जिनियाने पळून जाणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे कलम गमावले. आपल्याकडे असे कलम कधी नव्हते, तरी आपल्या मुलामुलींना पळावे लागते. कारण इथला कायदा भिंतीवरच्या नोटिशीत अडकला आहे आणि शेरीफचे काम घरातलीच माणसे करतात.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. नोटीस लावण्याची सक्ती कायद्यातूनच गेली पाहिजे आणि सुरक्षित निवारा प्रत्येक जिल्ह्यात प्रत्यक्षात उभा राहिला पाहिजे. चळवळीतील वकिलांनी, महिला मंडळांनी, विहार समित्यांनी हा विषय हाती घ्यावा. आपल्या वस्तीतले एखादे जोडपे रात्री दार वाजवेल तेव्हा आत घ्यायची तयारी ठेवावी. दुसऱ्या जातीची सून चालते, पण आपली मुलगी आपल्यापेक्षा खालच्या समजल्या गेलेल्या जातीत दिलेली चालत नाही, असे आपल्यातही काही घरांत दिसते. तेही तपासून पाहावे.

अशिलाला मी सांगितले, “पोरगा पळून जात नाही. तो तुम्हाला विचारतो आहे, तुम्ही जा. एक दिवस आधी पोहोचा आणि ५७व्या मैलाजवळच्या ल्युईस माउंटनला थांबा. तिथे आज कोणीही मुक्काम करतो. पूर्वी तिथे कोणाला वेगळे बसवत होते, ते सुनेला सांगा. मग तुम्हाला आवडेल त्या सज्ज्यावर त्रिशरण-पंचशील घ्या.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारले, “बाबासाहेबांचं दुसरं लग्न कुठे झालं होतं, साहेब?” मी म्हणालो, “१५ एप्रिल १९४८, दिल्ली. राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने.” डोंगर नव्हता, पळणेही नव्हते. आपल्या प्रत्येक मुलामुलीला हे घरच्या घरी, दिवसाढवळ्या करता आले पाहिजे. मग ज्याला डोंगर आवडतो त्याने खुशाल डोंगरावर जावे.